चोडणच्या अभयारण्यातील प्रवेशाच्या वेळा भरती-ओहोटीनुसार असाव्यात

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाऊस सरून हवा कोरडी झाली की मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याकडे जाणाऱ्यांची संख्या वाढू लागते. गोव्यात येऊन केवळ किनाऱ्यांवर न रेंगाळता कांदळवन पाहावे असे काही जणांना वाटते, याचा आनंदच आहे. मात्र तेथून परतणाऱ्या पुष्कळांच्या तोंडी एकच तक्रार असते, की चिखल आणि झाडी सोडली तर पाहण्यासारखे काही नव्हते आणि पक्षी तर नव्हतेच. ही तक्रार मी ओळखीच्या मंडळींकडून, सिंधुदुर्गातून मुलांच्या सहली घेऊन जाणाऱ्या शिक्षकांकडून आणि फेरीबोटीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांकडूनही ऐकली आहे. पक्षी बहुतेक वेळा तेथे असतात. पाहणारे चुकीच्या वेळी पोहोचलेले असतात. यावरचा उपाय अवघड नाही आणि फारसा खर्चाचाही नाही, एवढे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला लांबलचक बांधरस्ता ओलांडल्यावर रायबंदर लागते आणि तेथील धक्क्यावरून फेरीबोट पलीकडे चोडणला जाते. चोडणच्या धक्क्यापासून अभयारण्याचे फाटक चालत जाण्याइतके जवळ आहे. बेटाच्या पश्चिम टोकाचा हा पट्टा अवघा १७८ हेक्टरांचा, म्हणजे दोन चौरस किलोमीटरही न भरणारा. गोव्यातील अभयारण्यांत तो सर्वांत लहान. मुंबईकरांच्या परिचयाचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य त्याच्या नऊ पटींहून अधिक मोठे आहे. डॉ. सलीम अली यांचे जून १९८७ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, या कांदळवनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माशेलच्या देवकीकृष्णाला कुलदैवत मानणाऱ्या कुटुंबांना चोडण अर्थात वेगळ्या कारणाने ठाऊक असते, कारण ते दैवत मूळचे याच बेटावरचे आणि पोर्तुगीज अमदानीत तेथून हलवावे लागलेले. त्यामुळे माशेलला दर्शन घेऊन येता-जाता अभयारण्यात डोकावणारी कुटुंबेही तेथे भेटतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या अभयारण्यात काय दिसणार हे ऋतूइतकेच त्या घटकेला पाणी कोठे आहे यावर ठरते. मांडवीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो, आणि समुद्राचा हा श्वास सुमारे ५० किलोमीटर आत गांजेपर्यंत जाणवतो. चोडणचे हे टोक तर नदीच्या मुखापासून फार दूरही नाही. पूर्ण भरतीला गेलेल्या माणसाला झाडांचे शेंडे, त्यांच्यामधून चमकणारे पाणी आणि फार तर एखादा खंड्या एवढेच दिसते. त्याच जागी काही तासांनी गेलेल्या माणसाला तिवरांच्या भोवती चिखलातून वर आलेली शेकडो श्वसनमुळे दिसतात, कांदळाच्या कमानीसारख्या आधारमुळ्या खालपासून वरपर्यंत उघड्या पडलेल्या दिसतात आणि झाडावर असतानाच रुजून लोंबणारी कांदळाची रोपे खालच्या चिखलात कशी रुतून उभी राहतात, तेही पाहायला मिळते. निवटे हे चिखलावर वावरणारे लहान मासे उड्या मारत असतात. एकच नांगी अवाढव्य असलेले लहानगे खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन ती नांगी वर-खाली हलवत असतात. हे सारे भरतीच्या वेळी पाण्याखाली असते, म्हणून ते पाहण्याला दुसरी वेळच नाही.

पक्ष्यांचेही तसेच आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून, मध्य आशियाच्या बाजूने येणारे तुतवार आणि चिखल्या यांच्यासारखे पाणथळीचे पक्षी उघड्या पडलेल्या चिखलातील किडे, अळ्या आणि बारीक शिंपले यांवर जगतात. पाणी ओसरू लागले की ते त्याच्या कडेकडेने खाली उतरतात आणि पाणी चढू लागले की मागे सरत वर येतात. पूर्ण भरतीला त्यांना खाण्याजोगी जागा उरत नाही, तेव्हा ते बांधावर, उंचवट्यावर किंवा झाडीच्या आडोशाला विसावा घेतात. वंचक आणि समुद्री बगळे ओहोटीला उथळ पाण्यात मासे टिपतात, तर रातबगळे दिवसभर दाट तिवरांत झोपलेले असतात. छोटा क्षत्रबलाक हा क्वचित दिसणारा उंच करकोचाही दिसलाच तर अशा उघड्या चिखलावर दिसण्याची शक्यता अधिक. पाणमांजरे हवी असतील तर पहाटे किंवा अगदी संध्याकाळीच नशीब आजमावावे. थोडक्यात, सकाळी अकराला आलेल्या पर्यटकाला एखाद्या दिवशी पक्ष्यांनी भरलेला चिखल दिसतो आणि आठवड्याने त्याच वेळेला आलेल्याला तेथे नुसते पाणी दिसते. दोघांनी प्रवेशाचे पैसे सारखेच मोजलेले असतात.

कोकणातल्या वाचकांना हे सांगण्याची गरज पडू नये. भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडील जुना हिशेब अनेक घरांत अजून ठाऊक आहे: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बराचसा जुळतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने गोव्यात ती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, एवढी दुरुस्ती त्यात करावी लागते. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढ-उताराच्या, दिवसांत चिखल कमीच उघडा पडतो. तरीही एवढ्या ढोबळ हिशेबावरून निष्कर्ष स्पष्ट निघतो: पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, सूर्य वर येईपर्यंत चिखल उघडा मिळतो आणि पाणी हळूहळू चढत असल्याने पक्षी पाहणाऱ्याच्या बाजूला सरकत येतात, म्हणून ते दिवस पायी पाहण्याचे. अष्टमी-नवमीच्या सुमारास सकाळी खाड्या भरलेल्या असतात, म्हणून ते दिवस होडीतून आत जाण्याचे. ज्यांना पाऊणपटीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टके आगाऊ प्रसिद्ध करतोच, आणि त्यांत मिनिटांपर्यंत वेळा दिलेल्या असतात.

खुद्द चोडणच्या लोकांनी शतकानुशतके आपले सारे व्यवहार याच हिशेबावर चालवले आहेत. बेटाभोवतीच्या खाजण जमिनी म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेती. बांधात बसवलेल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात त्या शेतात कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते, तर मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो आणि ते धरणारा माणूस रात्री-अपरात्री ओहोटीची वेळ साधूनच तेथे जातो. ज्या बेटावर दाराची फळी, शेतातले पाणी आणि जाळ्यातला मासा या तिन्ही गोष्टी चंद्राच्या कलेने ठरत आल्या, तेथल्या अभयारण्याची भेट मात्र इतर कोणत्याही उद्यानासारखी सकाळपासून संध्याकाळपर्यंत केव्हाही चालेल असे आपण पर्यटक गृहीत धरतो, हे मला चमत्कारिक वाटते. बेटावरची एखादी आजी देखील सहज सांगेल की आज पाणी केव्हा उतरेल. तिला विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

माझी सूचना अशी की अभयारण्याच्या प्रवेशाला दोन स्वतंत्र वेळा असाव्यात आणि त्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात. ओहोटीच्या वेळेला पायवाटेने आणि निरीक्षण मनोऱ्यावरून पाहण्याची भेट असावी, तर भरतीच्या वेळेला खाडीतून होडीची. प्रत्येक वेळेला किती माणसे सोडायची याची मर्यादा जाणकारांनी ठरवावी, पण मर्यादा हवीच. १७८ हेक्टर हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी माणसाला जाता येईल असा भाग त्यातला अगदी थोडा आहे, आणि सुट्टीच्या दिवशी लागोपाठ आलेले दोन-तीन मोठे गट त्या पायवाटेवर गाणी लावत चालले की मागून येणाऱ्या शांत माणसालाही काही दिसत नाही.

असे निर्बंध घालण्याला कायद्याचा आधार शोधावा लागणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक ज्या कारणांसाठी अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देऊ शकतात त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण आणि वैज्ञानिक संशोधन यांच्या जोडीने पर्यटनाचाही उल्लेख आहे, आणि ही परवानगी शर्तींसह व शुल्क घेऊन देता येते असेही त्याच कलमात म्हटले आहे. प्रवेशाची घटका ही अशीच एक शर्त होऊ शकते.

होडीच्या बाबतीत मात्र मला अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. अरुंद खाडीतून इंजिनाची बोट वेगाने गेली की पक्षी उडतात, हे सर्वांना दिसते. तिच्या लाटा बांधाच्या पायथ्याशी आदळून माती सैल करतात, हे सहसा कोणी पाहत नाही. मांडवीतून खनिजाचे बार्ज ये-जा करू लागल्यापासून नदीकाठचे शेतकरी बांध खचण्याची तक्रार करत आले आहेत, आणि पर्यटकांच्या बोटी लहान असल्या तरी त्या अगदी आतल्या खाड्यांत शिरतात. एका खासगी बोटवाल्याने पर्यटकांना 'जवळून दाखवतो' म्हणून झोपलेल्या रातबगळ्यांच्या थव्याखाली बोट नेऊन इंजिनाचा आवाज वाढवताना मी पाहिले आहे. सगळा थवा उडाला तेव्हा बोटीतली मंडळी टाळ्या वाजवत होती. दिवसा झोपणाऱ्या पक्ष्याला असे उठवणे आणि थकून आलेल्या तुतवाराला खाण्याच्या मोजक्या तासांतून हुसकावणे यांत फारसा फरक नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या हजारो किलोमीटरांच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला त्या घटकाभराच्या नुकसानीची भरपाई करण्यासाठी दुसरी ओहोटी यावी लागते.

याला पर्याय आमच्या सिंधुदुर्गातच उभा आहे. वेंगुर्ल्याला मांडवी नावाचीच एक खाडी आहे आणि तेथे स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया काही वर्षांपासून पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात, झाडांची नावे आणि उपयोग सांगतात, आणि आवाज म्हणून जो काही होतो तो वल्ह्याचा. मासेमारीच्या घरांत वाढलेल्या या स्त्रियांना पाण्याची वेळ कोणी शिकवावी लागली नाही. तिकडे ठाणे खाडीत, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो दाखवण्यासाठी निघणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीनुसार रोज बदलतात, आणि मुंबई-नवी मुंबईची धावपळीची माणसे त्या वेळा आधी पाहून, तिकीट काढून मुकाट्याने पोहोचतात. 'पर्यटक वेळ पाळणार नाहीत' हा आक्षेप त्यामुळे मला पटत नाही. चोडणच्या स्त्री-पुरुषांना वाटाडे आणि होडीवाले म्हणून प्रशिक्षण देऊन परवाने दिले आणि मिळणाऱ्या शुल्कातला काही हिस्सा बेटावरच्या बांधांच्या डागडुजीसाठी ठेवला, तर अभयारण्य हे आपल्या नदीकाठी कोणीतरी घातलेले कुंपण आहे, असे बेटावरच्या लोकांना वाटणार नाही.

२०२५ पासून रायबंदर-चोडण मार्गावर वाहने थेट चढता-उतरता येणाऱ्या मोठ्या आणि वेगवान रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या आहेत. बेटवासीयांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती, आणि पुलाची त्यांची मागणीही जुनी आहे. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिण्याचा मला, बाहेरच्या माणसाला, अधिकार नाही. पण वाहने पलीकडे नेणे जितके सुलभ होईल तितकी 'जाता जाता दहा मिनिटे पाहून येऊ' म्हणणारी गर्दी वाढणार, हे उघड आहे. अभयारण्य पाहायला जाणाऱ्याने गाडी रायबंदरला ठेवून फेरीतून पायी यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. फेरीतून उतरल्यावर चालायला फार नाही आणि फेरीच्या कठड्याशी उभे राहिले तर अभयारण्यात न दिसलेल्या ब्राह्मणी घारी नदीवरच दिसतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

लांबून आलेल्या माणसाला त्या दिवशीची ओहोटी पहाटे पाच वाजताची असेल तर त्याने काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे सरळ उत्तर असे की त्या दिवशी त्याने होडीची वेळ घ्यावी किंवा संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत थांबावे, आणि दोन्ही शक्य नसेल तर चोडणऐवजी दुसरे काही पाहावे. गोव्यात पाहण्याजोग्या स्थळांची टंचाई नाही. ज्यांच्या नावाने हे अभयारण्य आहे त्या सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे राहून सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर घरटी विणतो, मादी येऊन ती पारखते आणि एकच नर एकामागून एक घरटी विणून एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांना कळले ते महिनोन्महिने त्याच खोप्यांसमोर बसून राहिल्यामुळे. त्यांच्या नावाच्या फाटकातून आत जाणाऱ्याकडून दोन तासांची अपेक्षा करणे फार झाले नाही.

शाळांच्या सहलींविषयी एक गोष्ट राहिली. सहलीची तारीख बहुधा बसच्या उपलब्धतेवर आणि सुट्टीच्या यादीवर ठरते. मुख्याध्यापकांनी ती ठरवण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहिली, तर तीच बस, तेवढ्याच खर्चात, मुलांना निवटे आणि खेकडे दाखवून आणील. पाऊणपटीचा हिशेब मुलांकडूनच करून घेतला आणि तो प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहायला सांगितले, तर गणित, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासिकांचे काम एका सकाळीत होते. मात्र पन्नास-साठ मुले एकदम आत न नेता त्यांचे लहान गट करावेत आणि शिट्ट्या बसमध्येच ठेवाव्यात.

आपल्या दैनिकात रोजचे पंचांग, सूर्योदय आणि सूर्यास्त छापले जातातच. त्याच चौकटीत पणजीच्या भरती-ओहोटीच्या वेळा दोन ओळींत देता आल्या तर चोडणला जाणाऱ्यांचीच नव्हे, तर मांडवीच्या दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांची आणि मासेमारांचीही सोय होईल. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या वेळाही सोबत द्याव्यात, अशी सिंधुदुर्गातील वाचक म्हणून माझी पुरवणी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग